सीतादहीच्या दिवशी अडलेली लेन्स

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन लोणारचं सरोवर न पाहता, शेगावलाही न उतरता परत आलेला माणूस मी. ऐकणारे हसतात. मी तिकडे एका वावरात गेलो होतो. वावर म्हणजे शेत. तिथे कपाशीच्या दोन झाडांना बांधलेल्या एका गाठीचा फोटो काढला आणि परत आलो. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, तेव्हा लिहिण्यात चूकभूल व्हायचीच. पण झालं तसं सांगतो.

मी मूळचा वेंगुर्ल्याच्या बाजूचा. शाळा सुटल्यावर या ना त्या कामाने फिरत सुरतेला पोचलो आणि एका फोटो स्टुडिओत चिकटलो. लग्नात दिवे धरायचे, वायरी गुंडाळायच्या, फ्लॅशच्या बॅटऱ्या बदलायच्या, हे माझं काम. फोटो काढायचा तो दिनेश. त्याची बायको, सुनीता वहिनी, बुलढाण्यातल्या वडनेर भोलजी गावची. मला टायफॉईड झाला तेव्हा खोलीवर विचारणारं कुणी नव्हतं. वहिनी रोज डबा घेऊन यायची. मला पेज हवी होती आणि पेज कशी करतात हे तिला ठाऊक नव्हतं. मी पडल्या पडल्या सांगायचो, ती ज्वारीच्या मुलखातली बाई तांदळात किती पाणी घालू म्हणून पुन्हा पुन्हा विचारायची. आईच्या हातची पेज तशी नव्हती, पण त्या पेजेने मी उठलो. तेव्हापासून वहिनीच्या शब्दाबाहेर मी गेलो नाही.

त्या वर्षी वहिनीला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. वहिनी त्याचं दुःख करत नव्हती. तिला वाईट वाटत होतं ते सीतादहीचं. त्यांच्याकडे कापसाची पहिली वेचणी अशी उठलं आणि सुरू केली असं होत नाही. आधी वावरात बायका सीतामाईची पूजा करतात, दहीभात शिंपडतात, ताज्या बोंडातला कापूस हातावर वळून त्याचा धागा करतात आणि त्या धाग्याने दोन झाडं एकमेकांना बांधतात. मग पहिलं बोंड वेचायचं. सीतादही म्हणतात ते हेच. त्या घरात ती गाठ वहिनी लहानपणापासून बांधत आलेली. लग्न झाल्यावरही त्या दिवसासाठी ती माहेरी जायची. यंदा तिची आई एकटीच बांधणार होती.

"दादा, त्या गाठीचा एक फोटो आनून द्या मले," वहिनी म्हणाली. "बाकी काई नको."

दिनेशला जाता येईना. नवरात्रात सुरतेतल्या फोटोग्राफरला जेवायला सवड नसते. दिवे धरणारा मात्र दुसरा मिळतो. स्टुडिओच्या शेठनी दिनेशच्या शब्दावर रोलवाला जुना कॅमेरा दिला, आपोआप फोकस होणारी लेन्स लावून. देताना मला समोर उभं करून शिकवलं. बटण अर्धं दाबायचं, टीक वाजली की पूर्ण दाबायचं. लेन्सवरच्या रिंगला हात लावायचा नाही, आतली मोटर जाईल. माझी फोटोग्राफी एवढीच. रोल एकच होता. गाडीत रात्रभर ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसलो होतो, बाथरूमला गेलो तरी गळ्यात घालून.

मलकापूर

सकाळी मलकापूरला उतरलो. स्टेशनबाहेर पहिलं दिसलं ते भिंती. आमच्याकडे भिंतींवर नाटकाच्या जाहिराती, इथे बियाण्यांच्या. पांढरीशुभ्र बोंडं, शिंगं रंगवलेले बैल, हसणारा शेतकरी आणि सगळीकडे बीटी, बीटी. त्या वर्षांत पेपरात इकडच्या भागाची नावं ज्या कारणाने यायची ते मी वाचलेलं होतं, त्यामुळे हसणाऱ्या शेतकऱ्याकडे फार वेळ पाहवेना.

वडनेर वाटेत लागतं म्हणून नांदुऱ्याच्या जीपमध्ये बसलो. जीप भरेपर्यंत सुटणार नव्हती आणि भरल्यावरही आणखी चार जण आले. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आज कुठली मासळी लागली ते बोलतात. इथे कुणाच्या पाकिटातलं बी उगवलं आणि कुणाचं नाही यावर बोलणं चाललं होतं. एक जण म्हणाला, बीटीले अयी लागत नाई म्हने. मी ऐकलं ते आई लागत नाही. म्हटलं, आई कशी लागेल. तोवर माझ्या मांडीवर अर्धा बसलेला म्हातारा म्हणाला, "अयी लागत नाई बे, पन पानी तं लागते ना." सगळी जीप हसली आणि लगेच गप्पही झाली. पुढे कळलं की यंदा मृगात पडून पाऊस जो गेला तो आलाच नाही, आणि बऱ्याच जणांना महागाचं बियाणं दुसऱ्यांदा आणून पेरावं लागलं. अयी म्हणजे अळी. या लोकांना ळ म्हणायचा नसतो, त्याच्या जागी य म्हणतात. हे मला तिथल्या तिथे उमगलं असतं तर पुढची फजिती टळली असती.

वडनेर भोलजी

वहिनीचे वडील महादेवभाऊ रस्त्यावर मला घ्यायला उभे होते. उंच, सडसडीत, बोलायला कमी. माझ्या हातातली बॅग घेतली, कॅमेऱ्याची पिशवी मागितली, मी दिली नाही. त्यांनी पुन्हा मागितली नाही.

घरी कमलाबाई, वहिनीची आई, अंगणात बसून ज्वारी पाखडत होत्या. मी दाराशी थबकलो. परक्या घरात मला पहिल्यापासून पाय टाकवत नाही. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "ये ना बापा, दूर काऊन उभा हायस? जवय ये."

मला वाटलं, या मला जावई समजल्या. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून ओळखलं नसेल, की काय माहीत. मी तिथूनच हात जोडले. म्हटलं, मावशी, मी जावई नाही, मी दिनेशचा मित्र.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुन्हा म्हणाल्या, "हाव, पन जवय तं ये."

मी पुन्हा सांगितलं की मी जावई नाही, दिनेश सुरतेलाच आहे. तेव्हा महादेवभाऊंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "थे जवय म्हनते," ते म्हणाले. "जवय. म्हंजे इकडं, पाशी." आणि कमलाबाई सूप खाली ठेवून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "जावयाले मी वयखत नाई काय रे? लगन मीच लावून देल्लं ना त्याचं." शेजारच्या दोघीतिघी कुंपणाशी आल्या, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगून झालं, आणि वडनेरमध्ये असेपर्यंत मी जावईबापू झालो. राग यायचं कारण नव्हतं. हसण्याने एक झालं, माझं अवघडलेपण गेलं आणि मी जवळ जाऊन बसलो.

जेवायला कळण्याची भाकर होती, उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली, जराशी काळसर. बरोबर मिरचीचा ठेचा, कच्चं तेल आणि कांदा. ठेच्याचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे तिखट असतं, पण त्याला नारळाची सोबत असते. इथे ठेचा एकटाच येतो. कमलामावशी समोर बसून वाढत होत्या. मी विचारलं, तुम्ही? म्हणाल्या, उपास आहे, नवरात्र ना. भाऊ ताटाकडे बघत भाकर मोडत राहिले. मी आणखी एक भाकर घेतली.

दुपारी मावशींनी कॅमेरा पाहायला मागितला. मी रोल वाया न घालवता बटण अर्धं दाबून टीक वाजवून दाखवली. समोर भाऊ होते. टीक. मग म्हशीकडे धरला. टीक. मावशींना त्या आवाजाचं नवल वाटलं. त्यांनी विचारलं की याला डोळा आहे का. म्हटलं, डोळाच आहे, फार नाजूक, शेठचा जीव आहे यात. मग मी लेन्स काढली, मागेपुढे फुंकर मारून दाखवली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळायला लागलो. तो खरखरीत टॉवेल त्यांना आवडला नाही हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

फोटोचं त्यांनी एकच सांगितलं. "गाठीचा काढजो फक्त. माहं तोंड नको येऊ देऊ त्यात. म्हातारीचं तोंड काय पाह्यचं?" त्या काही म्हाताऱ्या नव्हत्या. पण बायका फोटोला लाजतात, स्टुडिओत रोज पाहतो. मी बरं म्हटलं.

वावरात

सकाळी पिशवी उघडली तर टॉवेल घडी करून बाजूला आणि लेन्स पांढऱ्याशुभ्र रुईत. मावशींनी सरकी काढून, हाताने पिंजून, मऊसूत करून, लहान मुलाला दुपट्यात घ्यावं तशी ती लेन्स चारी बाजूंनी गुंडाळली होती. "त्या टावेलानं चरे पडले असते," त्या म्हणाल्या.  माझ्या वस्तूची अशी काळजी आईनंतर कुणी घेतली नव्हती. मी रुई हलक्या हाताने बाजूला केली, लेन्स कॅमेऱ्याला बसवली आणि निघालो.

वावर गावापासून थोडं लांब, हमरस्ता ओलांडून. कपाशी बीटीची, कमरेएवढी, पण मधेच ठेंगणी. पहिल्या पेरणीतलं जगलेलं आणि दुसऱ्या पेरणीतलं असे थर नुसत्या डोळ्यांना दिसत होते. बांधाकडेने वेगळी झाडं होती. भाऊ म्हणाले, बीटीच्या पाकिटासोबत साध्या, म्हणजे नॉन-बीटी बियांची पुडी येते, लोक फेकून देतात, ही टाकू देत नाही. मी मावशींना विचारलं, मग पूजा कुठल्या झाडाची? "सीतामाईले बीटी अन् नॉन काय समजते," त्या म्हणाल्या. "जे आधी फुटलं थे तिचं."

वेचायला आलेल्या बायका बांधावर बसल्या होत्या, कमरेला कापूस टाकायची फडकी बांधून. पूजा झाल्याशिवाय कुणी बोंडाला हात लावणार नव्हतं, आणि त्यांना मजुरी मिळते ती वेचलेल्या वजनावर. म्हणजे माझ्यामुळे वेळ गेला तर तो त्यांच्या पदरचा जाणार. हे एकीने हसत हसत मला सांगूनच ठेवलं.

मावशींनी पूजेचे पाच खडे मांडले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. टीक नाही, आत काही हललंसुद्धा नाही. छोट्या पट्टीवर जिथे आकडा यायचा तिथे दोन आडव्या रेघा.  बॅटऱ्या काढून घातल्या. कॅमेरा बंद करून चालू केला. म्हशीकडे वाजलेली टीक इथे वाजेना.

"काय जावईबापू, रुसली काय मशीन?" बांधावरून आवाज आला. दुसरी म्हणाली, "सासरी आली ना, लाजत असन."

मी त्यांच्याबरोबर हसलो. शेठचा कॅमेरा बिघडला हे एक. त्याहून मोठं म्हणजे ही गाठ आज एकदाच बांधली जाणार होती. उद्या काढतो म्हणायची सोय नव्हती. वहिनीने आयुष्यात माझ्याकडे एक गोष्ट मागितली आणि मी रिकाम्या हाताने जाऊन सांगणार की टीक वाजली नाही. मी मावशींना खरं ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही गाठ बांधा, या बायकांचा दिवस मोडू नका.

मावशी बायकांकडे वळल्या. त्यांनी विनवणी वगैरे केली नाही. म्हणाल्या, सुनीले दाखवाचं हाये, थांबता काय? ज्या बाईने रुसली काय म्हणून विचारलं होतं तीच म्हणाली, "थांबतो न वं. सुनी फक्त तुहीच हाये काय?" आणि त्यांनी फडकी सोडून बसकण मारली.

रशीदभाईंचं दुकान

भाऊंच्या सायकलवर डबलसीट गावात आलो. फोन रशीदभाईंच्या दुकानात. रशीदभाई पिंजारी, गाद्या भरणारे. फोमच्या गाद्या आल्यापासून धंदा बसला म्हणून दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांनी फोन ठेवला होता, आणि फोनवरसुद्धा रुईचा थर होता. सुरतेला स्टुडिओत लावला. दिनेश भेटला. पण फोनची वायर आखूड आणि दुकानात अंधार. लेन्स बघायची तर मला दारात उजेडात उभं राहायला हवं. मग रशीदभाईंनी फोन कानाला लावला आणि दिनेशचं बोलणं ते मला मोठ्याने सांगायला लागले. दारात हां हां म्हणता पाच-सात माणसं जमली.

"तो म्हनते, बाजूले ए अन् एम लिवलेलं बटन हाये, थे ए वर हाये काय?"

ए वरच होतं.

"मंग तो म्हनते, लेन्स काढ, मांगं सोन्याच्या टिकल्या हायेत काय पाह्य." मग स्वतःहून त्यांनी फोनमध्ये विचारलं, "असली सोनं हाये काय मियां?"

मी लेन्स फिरवून काढली. मागच्या कडेला सोनेरी ठिपक्यांची ओळ होती, ती मी कधी नीट पाहिली नव्हती. तिच्यावर आडवी, केसाहून बारीक, पांढरी तार चिकटलेली. एक नाही, तीन-चार. दिनेश सांगत होता की त्या टिकल्यांतूनच कॅमेरा लेन्सशी बोलतो. मधे काही आलं की दोघांचं बोलणं बंद.

रशीदभाई फोन तसाच हातात धरून वाकले आणि बघत राहिले. "अरे, हे तं रुई हाये. माही जिंदगी गेली रुई नाकातोंडातून काढण्यात, आता मशीनच्याबी तोंडातून काढावं काय?" सगळे हसले. मग त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ सायकलचं हँडल पुसत होते.

"हे कोनाचं काम, समजलं मले," रशीदभाई म्हणाले.

भाऊ हळूच मला म्हणाले, "तिले नको सांगू बापू."

मी म्हटलं, काय सांगायचं, बॅटरी उतरली होती. रशीदभाईंनी मान हलवली, जमलेल्यांकडे एकदा पाहिलं, आणि वडनेरमध्ये त्या दिवशी बॅटरीच उतरली असं ठरलं.

शेजारच्या दुकानातून नवा खोडरबर आणला. दिनेशने सांगितल्याप्रमाणे टिकल्यांवरून हलकेच फिरवला, भाऊंच्या धोतराच्या स्वच्छ टोकाने पुसलं, लेन्स बसवली. रस्त्यावरच्या एस.टी.कडे धरून बटण अर्धं दाबलं. टीक. भाऊ एकदम म्हणाले, "बोलली." त्यांच्या तोंडून इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

फोन ठेवण्याआधी दिनेशने एक सांगून ठेवलं. पुन्हा अडली तर बटण एम वर कर आणि रिंग हाताने फिरव, शेठला मी बघतो. मी हो म्हटलं खरं, पण रिंगला हात लावायच्या नुसत्या विचाराने घाम फुटला.

पुन्हा वावरात

बायकांनी विचारलं, मी बॅटरी म्हणालो. मावशींनी कॅमेऱ्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, भूक लागली असन तिले. भाऊ दुसरीकडे बघत होते.

पूजा सुरू झाली. खड्यांना हळदकुंकू, दहीभात, उदबत्ती. मावशींनी बोंड फोडून कापूस काढला, तळहातावर वळत वळत धागा लांबवला. तो धागा करणं मी पहिल्यांदा पाहत होतो. नुसत्या अंगठ्याच्या जोरावर ढग ओढून त्याची दोरी व्हावी तसं. मग दोन झाडं जवळ घेऊन त्यांनी धागा गुंडाळला, गाठ मारली आणि दोन्ही टोकं वर ओढून धरून थांबल्या. माझ्यासाठी.

मी गुडघ्यावर बसून पुढे सरकलो. वहिनीला गाठ हवी होती, गाठ मोठी दिसायला हवी. धाग्याचे पीळ दिसायला हवेत. आणखी पुढे सरकलो, अगदी वीतभरावर. बटण अर्धं दाबलं. या वेळी लेन्स हलली, पण गुरगुर करत पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. टीक नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच, वाट चुकलेल्या माणसासारखी नुसती येरझार. मी लेन्स काढून टिकल्या पुसल्या. रुई नव्हती. पुन्हा बसवली. तेच. शेवटी बटण एम वर करून रिंगला हात लावला, शेठची क्षमा मागून. पण माझ्या घामेजल्या डोळ्याला आत सगळंच सारखं धुकं दिसायला लागलं. बरोबर कुठलं आणि चूक कुठलं ते कळेना. मी पुन्हा ए वर आणलं.

मावशी तशाच धागा ताणून उभ्या होत्या. झाडं सोडली की ती वेगळी ओढ घेणार, म्हणून हात सोडता येत नव्हते. हाताला कापरं भरलेलं मला दिसलं. मला वाटलं, माझ्या गोंधळानेच.

"बापू," त्या म्हणाल्या, "तुही सावली पडून राह्यली गाठीवर. इतक्या जवय नको. मांगं सर."

मी एक पाऊल मागे झालो. सावली अजून होतीच. "अजून मांगं सर ना बापा." मी आणखी सरलो, मागच्या ओळीतली एक फांदी मोडली, त्याची माफी मागावी की नाही असं झालं. उन्हात गाठ पांढरी चमकली. सवयीने बटण अर्धं दाबलं.

टीक.

मी घाईने पूर्ण दाबलं. पुन्हा टीक, पुन्हा फोटो. जेवढ्या वेळा वाजली तेवढ्या वेळा दाबलं. आतल्या चौकोनात मला फक्त गाठ दिसत होती, बाकी कशाकडे मी पाहिलं नाही. त्या लेन्सला हातभर तरी अंतर लागतं, त्याहून जवळचं तिला दिसतच नाही, हे मला दिनेशने नंतर सांगितलं. शेठनीही सांगितलं नव्हतं. दिवे धरणाऱ्याला कोण सांगतो.

मग बायका उठल्या. पहिलं बोंड त्यांनी माझ्याकडून वेचून घेतलं, जावयाचा मान म्हणून. बोंडाच्या टोकांनी बोट ओरबाडलं. त्या दिवसभर तसलीच बोंडं वेचतात.

दुसऱ्या दिवशी निघालो. मावशींनी वहिनीसाठी कळण्याचं पीठ आणि ठेचा बांधून दिला. निरोप काय सांगू विचारलं तर म्हणाल्या, "म्हना, माय बरी हाये."

सुरत

रोल धुवून होईपर्यंत मी अंधाऱ्या खोलीच्या दारातून हललो नाही. दिनेशने त्यातला एक निवडून मोठा केला. गाठ अशी आली होती की धाग्याचे तंतू मोजावे. दिनेशने माझ्या पाठीवर थाप मारली. शेठनीही येऊन पाहिला, हं म्हणाले. त्यांच्या हिशेबी ते कौतुकच. मागे सरल्यामुळे गाठीबरोबर मावशींचे हात आले होते, खांदे आले होते आणि पदराच्या सावलीतला चेहराही. तोंड येऊ देणार नाही म्हणून मी कबूल केलं होतं, ते राहून गेलं. पण गाठ इतकी छान आली होती की आम्ही दोघंही तेवढीच पाहत होतो.

संध्याकाळी तो फोटो वहिनीच्या हातात दिला. निरोपही सांगितला. तिने गाठ पाहिली, बोट फिरवलं. मग बोट गाठीवरून वर गेलं आणि मनगटापाशी थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "मायची बांगडी पाहा कुठवर गेली."

आम्ही पाहिलं. धागा धरून वर केलेल्या हातावरून बांगड्या सरकून पार कोपराजवळ जाऊन बसल्या होत्या. मग चेहरा पाहिला. गालाची हाडं, डोळ्यांखाली काळं. मी दोन दिवस त्या बाईसमोर बसून भाकरी खाल्ल्या होत्या. दिनेश म्हणाला, उपासाचे दिवस आहेत. वहिनी म्हणाली, माय कधी उपास करत नाही.

ती चप्पल घालून खाली उतरली, आम्ही तिच्या मागे. कोपऱ्यावरच्या फोनवाल्याने तिला बसायला खुर्ची दिली. रशीदभाईंना लावला. त्यांनी घरी निरोप पाठवला, थोड्या वेळाने पुन्हा लावला. मी इतका शेजारी उभा होतो की पलीकडचा आवाज मलाही येत होता.

वहिनीने आधी वेचणीचं विचारलं. मग म्हणाली, तुही तब्येत कशी हाये. पलीकडून लगेच आलं, "हाव, बरी हावो मी. मले काय झालं?"

"फोटो माह्या हातात हाये, माय," वहिनी म्हणाली. "आता सांग."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन तुटली. मग रशीदभाईंचा आवाज आला. "बेटी, थांब जरा. तुही माय खाली बसली हाये. पानी देतो तिले, मंग बोलते."

"थांबतो, चाचा," वहिनी म्हणाली. तिने फोन कानापासून हलवला नाही.

मग मावशी बोलल्या. पावसाळ्यापासून रोज सांजंचा ताप येतो. दुसऱ्यांदा पेरलं तेव्हापासून निंदणीला मजूर लावला नाही, एकटीनेच ओढलं. घास उतरत नाही. यांनी दवाखान्यात चल म्हटलं तर वेचणी होऊ दे म्हणून मीच थोपवलं. "तुह्या पोटात लेकरू, तुले कसं सांगू वं?"

वहिनी रडली नाही. तिने बाबांना फोन द्यायला सांगितला. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तिने त्यांना वेचणीचं काही विचारलं नाही. उद्या पहिल्या जीपने मायला मलकापूरला डॉक्टरकडे न्यायचं, तिचं काही ऐकायचं नाही, आणि डॉक्टर काय म्हणतो ते तिथूनच सुरतेला कळवायचं.

भाऊ पलीकडून एकच शब्द बोलले. हाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत फोन वाजला. रशीदभाई होते. मी घेतला. म्हणाले, डॉक्टरचं अजून कळायचं आहे, पण वेचायच्या बायका आज आपल्या आपण आल्या, वावराची काळजी करू नका म्हणावं पोरीला. आणि कमलाबाई जीपमध्ये बसायला तयार होईना, तेव्हा त्यातल्याच एकीने तिला हाताला धरून आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसून मलकापूरपर्यंत गेली.